भाव न केलेलं कार्ड

वडगाव, बेळगाव
मंगळवार दुपार

प्रिय साई,

माझं अक्षर बघून आधी हसून घे. दुकानाच्या बिलांवर सह्या करण्यापलीकडे मी कित्येक वर्षांत पेन हातात धरलेलं नाही, आणि तुला पत्र तर जन्मात पहिल्यांदाच लिहितेय. पण तू फोन उचलत नाहीस. मेसेजला एकच खूण येते आणि तिथंच अडकते. दिवाळीला ‘प्रोजेक्ट आहे आक्का, येणं जमत नाही’ म्हणालास. संक्रांतीला आईच्या फोनवर तिळगुळाचं चित्र पाठवलंस, तेही कुणीतरी तुला पाठवलेलं पुढं ढकललेलं, आणि तेव्हापासून गप्प आहेस. आई म्हणते कामात असेल. मीही तिला तेच सांगत होते. आता मला तसं सांगवत नाही, कारण गेल्या शुक्रवारी मी तुझं कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड विकायला लागलेलं बघितलं. मी घाबरलेय साई. एवढं आधी सांगते, मग बाकीचं.

तुला माहीतच आहे, सकाळी शटर वर केलं की देवाला उदबत्ती लावायच्या आधी मी मोबाइलवर जुन्या कॉम्प्युटर-सामानाच्या जाहिराती बघते. हुबळी, कोल्हापूर, पुणे आणि शेवटी बेंगळूर. ही खोड तूच लावलीस. हल्ली बघण्यासारखं फारसं नसतंच. ए.आय.वाल्यांच्या थोरल्या गोदामांनी मेमरीच्या चिपा पोत्यानं उचलल्यापासून नव्या कार्डांचे भाव चढतेच आहेत. पंधरा दिवसांपूर्वी गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव मी आज सांगितला तर पदरचे घालावे लागतील. आणि नवं एवढं महाग झाल्यावर जुनं कोण सोडतंय? लोक पंखे बदलून, चिपेवरची पेस्ट बदलून पाच-पाच वर्षांची कार्डं रेटताहेत. कॉलेज रोडच्या मोठ्या शोरूमनं महिन्याच्या हप्त्यावर माल द्यायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं आता आपण गेलो. पण माल त्यांच्याकडेही नाही. काचेच्या कपाटात नुसती रिकामी खोकी मांडून ठेवलीत. तर अशा दुष्काळात शुक्रवारी एक जाहिरात दिसली. तीन पंख्यांचं कार्ड, विकणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं ‘एस’, मागच्या बाजूचा एकच अंधुक फोटो, आणि खाली लिहिलेलं, ‘मागे किरकोळ डाग आहे, चालायला काही अडचण नाही.’

तो डाग मी ओळखणार नाही होय रे? खंडेनवमीला आपल्या शेडमध्ये मागाला, धोट्यांना, कात्र्यांना, आप्पांच्या स्कूटरला, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या वर्षी आईनं तुला सांगितलं, तुझं काय ते यंत्र असेल ते पण आण पूजेला. तू कौतुकानं कॉम्प्युटरचा सगळा डबाच उचलून आणलास. तर ती म्हणाली, ‘डब्याला कशाला कुंकू? आत राबतंय कोण ते दाव की.’ मग तू स्क्रू काढून कार्ड बाहेर काढलंस, धोट्यांच्या शेजारी पाटावर ठेवलंस, आणि आईनं ओल्या बोटानं त्याच्या पाठीवर असं काही कुंकू टेकवलं की ते कोरलेल्या अक्षरांत जाऊन बसलं. मी केवढ्यानं ओरडले होते. तू म्हणालास, ‘ऱ्हाऊ दे गं आक्का, वारंटी तशी बी संपल्या.’ दुकान चालवायला लागल्यापासून मला कळलं की हा उद्योग फक्त आपल्याच घरात होत नाही. शहापूर-वडगावच्या पोरांकडून येणाऱ्या कितीतरी कार्डांवर कुंकू असतं आणि पंख्याच्या मागे मागावरच्या सुताची रंगीत लव. मी स्पिरिट लावून पुसते, कारण बाहेरगावचं गिऱ्हाईक त्याला गंज समजतं. बेंगळूरच्या जाहिरातीत तसला डाग मी पहिल्यांदाच बघितला.

तरीही डाग बघून मी घाबरले नव्हते. उलट क्षणभर चांगलंच वाटलं, म्हटलं, पठ्ठ्यानं नवं कार्ड घेतलेलं दिसतंय, म्हणून जुनं काढतोय. मग खालची किंमत बघितली. बारा हजार. तसलं कार्ड आज तीसच्या खाली कुणी हातातून सोडत नाही आणि ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बारात आज मेलेलं कार्डसुद्धा जातं, चिपा काढून घ्यायला. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं अडाणी आहे, बाजार ठाऊक नाही. पण ज्यानं मला बाजार शिकवला तो बाराला लावतो म्हणजे काय?

तुला आठवतं का, हे कार्ड आपण आणलं तो दिवस? क्रिप्टोची नाणी काढणाऱ्या मायनिंगवाल्यांचं दिवाळं निघालं होतं आणि त्यांनी कार्डं टेम्पोनं बाजारात ओतली होती. उद्यमबागेतल्या त्या बंद फाउंड्रीच्या मागच्या खोलीत एकानं फळ्यांवर कार्डं अशी मांडली होती की जणू चिरमुऱ्याचे लाडू. तू मला बरोबर नेलंस ते केवळ स्कूटर माझ्याकडे होती म्हणून. मी बाहेर थांबून थांबून वैतागले आणि तू आत एकेका कार्डाचा वास घेत बसला होतास. हो, वास. जळकट वास आला की ठेव खाली. मग पंखा बोटानं फिरवायचा, स्क्रूवर घासल्याच्या खुणा आहेत का बघायच्या, लावून अर्धा तास तापवायचं. आणि नंतर भाव. बाप रे, तुझा तो भाव. त्या माणसानं सांगितलेल्या आकड्याला तू हसलास, चहा मागवलास, उठून निघालास, दारातून परत आलास, त्याच्या गावचं नाव विचारलंस, कणकुंबीचा निघाला, तर तिकडच्या पावसाच्या गप्पा मारल्यास, आणि शेवटी केबलसकट कार्ड पदरात पाडून घेतलंस. त्या माणसानं मला बाहेर येऊन सांगितलं, ‘बाई, तुमच्या भावाला लगीन ठरवाय न्या, हुंडा उलटा घिऊन यील.’ घरी येईपर्यंत मी स्कूटरवर हसत होते.

तुझी घासाघीस म्हणजे कंजूषपणा नव्हता, हे मला दुकानात बसल्यावर समजलं. विकायला येणाऱ्या माणसाला मी आता दारातच ओळखते. नवं घेऊन आलेला असतो तो जुन्याची स्तुती करून करून कान किटवतो. घरात अडचण असते तो गप्प असतो, पण आकड्यावरून हलत नाही, शंभर रुपयांसाठी दोनदा परत येतो. चोरीचा माल असेल तर घाई. या सगळ्यांना त्या पैशांनी पुढं काहीतरी करायचं असतं, म्हणून ती माणसं भांडतात. मला शिव्या घालतात, ‘नीलमक्का, लई कडक हाय तू’ म्हणतात, आणि मला त्यांचं काही वाईट वाटत नाही. परवा निपाणीचा एक मुलगा आला होता, रविराज. त्याला कुणीतरी ऑनलाइन फसवलं होतं. आतली माहिती बदलून जुनाट कार्ड नव्याच्या नावानं गळ्यात मारलं होतं. तो माझ्यासमोर रडला, संतापला, टेबलावर हात आपटला, आणि डोळे पुसून मला म्हणाला, ह्याचा पंखा तरी घ्या, किती द्याल? असं असतं विकणाऱ्याचं. तुझ्या जाहिरातीत ‘भाव होईल’ की ‘भाव होणार नाही’ यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी लगेच तुला फोन लावला. नाही उचललास. मेसेज लिहिला, ‘कार्ड का विकतोस?’ आणि पाठवायच्या आधीच पुसला. म्हटलं, माझ्या लक्षात आलंय हे कळलं तर जाहिरात काढून टाकशील आणि मग तुला शोधायचं कुठं? कारण मधल्या काळात मी तुझ्या जुन्या खोलीच्या मालकिणीला फोन केला होता. तिनं सांगितलं, तो तर दसऱ्याच्या आधीच सोडून गेला. म्हणजे दिवाळीचा तो प्रोजेक्ट तू कुठं बसून करत होतास कुणास ठाऊक. मग मी नागेंद्रला सांगितलं. नागेंद्र म्हणजे मला बेंगळूरहून माल पाठवतो तो, आपल्या शहापूरचाच, पण माझ्या धंद्यात आला तो तू तिकडं गेल्यानंतर, तुझी-त्याची ओळख नाही. त्याला म्हटलं, गिऱ्हाईक होऊन जा, कार्ड घे, आणि पोरगा कसा राहतो ते डोळ्यांनी बघून ये. तर रविवारी आलेलं गिऱ्हाईक मी पाठवलं होतं. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड, त्याच्यावर नको.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, ‘हुडुगा भाळ सोरग्यान री अक्का.’ पोरगा फार वाळलाय. म्हणाला, खोलीत एक चटई आणि मोबाइलचा चार्जर एवढंच उरलंय, कॉम्प्युटरचा डबा आधीच गेलेला, फक्त कार्ड कपड्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं. त्यानं विचारलं, का विकता? तू म्हणालास, काम संपलं. त्यानं मुद्दाम भाव पाडून बघितला, दहा म्हणाला. तू ‘बरं’ म्हणालास. तू, आणि ‘बरं’? वर त्याला केबल दिलीस, टेबलफॅन दिलास, स्वयंपाकाचा कुकर उचलून हातात दिलास आणि म्हणालास, घेऊन जा, मला आता लागणार नाही. बिचारा कुकर घेऊन जिना उतरला आणि खाली रस्त्यावर उभा राहून त्यानं मला फोन केला. कुकर त्याच्याकडेच आहे. आज दुपारी तो पुन्हा तुझ्याकडे आला असेल, कार्डाचं मूळ खोकं आहे का विचारायला. खोक्याला काही अर्थ नाही. कालही कसलं तरी निमित्त काढून आला होता ना, तेही मीच सांगितलं होतं. तुला एकटं ठेवायचं नव्हतं.

काम संपलं म्हणजे काय झालं असेल याचा अंदाज मला आहे. मी अडाणी असले तरी दिवसभर या वस्तूंमध्येच बसते. तुमच्या स्टुडिओत तू गेममधल्या माणसांचे कपडे करायचास. पहिल्या सुट्टीत आलास तेव्हा मोबाइलवर दाखवलं होतंस, कुठल्याशा राणीचा पदर, वाऱ्यावर हलणारा, आणि काठाला आपली शहापुरी वीण. आप्पांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, ‘बाणा उलटा पडलाय बघ.’ तू दुसऱ्या दिवशी तो आडवा धागा बदलून आणलास. गल्लीत सगळ्यांना सांगत फिरले ते, माझं पोरगं न दिसणारं लुगडं विणतंय म्हणून. आता तसला पदर यंत्राला एक ओळ लिहून सांगितली की मिळतो म्हणे. बाणा उलटा पडला तर कुणाला कळणार आहे? मला राग एवढ्याचाच येतो की ज्या यंत्रांनी तुझं काम नेलं त्यांच्याचसाठी सगळ्या चिपा जाताहेत आणि त्यांच्याचमुळे कार्डं महागली. निदान त्या हिशेबानं तरी तुझं कार्ड महाग विकायचं होतंस मेल्या.

काल सकाळी बसच्या पार्सलनं कार्ड आलं. मी ते नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कार्डासारखंच तपासलं, तसंच केल्याशिवाय माझे हात थांबले नसते. वास घेतला. पंखा फिरवला. दुकानातल्या मशीनला लावून तापवलं. काही झालेलं नाही त्याला, अगदी ठणठणीत आहे. पट्ट्यांमध्ये अजून गुलाबी सुताची लव सापडली, ती मी काढली नाही. तेवढ्यात तो निपाणीचा रविराज परत आला, त्यानं बघितलं आणि बत्तीस देतो म्हणाला, रोख. विकायचं नाही म्हटल्यावर त्याला वाटलं भाव अजून चढायची वाट बघतेय. जाताना म्हणाला, ‘तुमच्यासारख्यांमुळंच आमच्यासारख्यांस्नी मिळत न्हाय.’ तो गेला आणि मी काउंटरखाली बसून रडले. मग तोंड धुऊन पुढच्या गिऱ्हाइकाचा कीबोर्ड साफ केला.

आता तुला ये म्हणायला माझ्याकडे काय आहे, तेही खरं सांगते. खोटं सांगून तुला आणलं तर तू परत जाशील. घरची स्थिती बरी नाही. चारातले दोनच माग चालतात, कारण सुरतचं लुगडं आपल्या सुताच्या भावात मिळतं आणि व्यापारी आपला माल उचलताना उपकार केल्यासारखं तोंड करतो. दुकानात माल नाही. गेमिंगवाली पोरं येतात, भाव विचारतात आणि फुकटच्या गारव्यात थोडा वेळ बसून जातात. शेजारच्या जयवंता काकू तुला बघितल्याबरोबर विचारतील, नोकरी गेली का रं, आणि उत्तर द्यायच्या आधी चार घरी सांगून येतील. कुणी हसेलसुद्धा. तुझ्या नोकरीच्या पेढ्यांचा डबा ज्यांनी रिकामा केला तेच हसतील. मला याचं वाईट वाटतं, पण त्यावर माझ्याकडे औषध नाही. इथं तुला काम मिळेल का, मला माहीत नाही. उद्यमबागेच्या कारखान्यांत माणसं कमी करताहेत. माझ्या दुकानात दोघांचं पोट भरेल असं म्हणाले तर तूच हिशेब मांडून मला खोटं पाडशील.

पण साई, भाव पडला म्हणून माल कुणी टाकून देत नाही रे. कार्डांचे भाव पडले होते तेव्हा तूच मला ओरडला होतास, ‘आक्का, धर, आत्ता सोडू नको.’ मी धरलं. तेव्हा सोडलं असतं तर दुकान तेव्हाच बंद झालं असतं. आता मी तुला तेच सांगतेय आणि मला तुझ्यासारखं जोरात सांगता येत नाही. मला नुसतं रडू येतं. तू काम न करता घरी बसलास, वर्षभर बसलास, शेडमध्ये झोपून राहिलास, कुणाशी बोलला नाहीस, तरी चालेल. आईला तू हवा आहेस. मलाही हवा आहेस. तू हुशार आहेस म्हणून आम्ही तुला धरून ठेवलं होतं, असं तुला वाटत असेल तर तू मूर्ख आहेस.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिचा जीव एवढासा होईल. पण आप्पांना आज सकाळी सांगितलं. शेडमध्ये गेले, माग चालू होता, काही ऐकू येईना, म्हणून मीच बटण बंद केलं. चालता माग बंद केलेला त्यांना खपत नाही, तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडाकडे बघून ते मागापासून बाजूला झाले. नोकरीचं मी आधी सांगितलं, ते मान हलवत राहिले. चटईचं सांगितलं. कुकरचं सांगितलं. मग म्हटलं, आप्पा, तीसची वस्तू त्यानं बाराला लावली आणि दहाला मागितली तर हूं की चूं न करता दिली. तेव्हा ते खाली बसले. सगळा जन्म व्यापाऱ्यांबरोबर लुगड्यांचा भाव करण्यात गेला त्यांचा. म्हणाले, ‘न्हाय गं नीलम. हे इकणं न्हाय. त्यो समदं सोडालाय.’ मला चार दिवस जे स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं ते त्यांनी म्हटलं. मग किती वेळ तुटलेला धागा जोडायचा म्हणून हातात धरून बसले आणि जोडलाच नाही.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिलेलं नाही साई. आप्पांनी लिहायला लावलंय. ते आत्ता माझ्या समोर दुकानातल्या स्टुलावर बसलेत, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन, आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, झालं का गं. नागेंद्रनं दिलेला पत्ता त्यांनी माझ्याकडून मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोन कागदांवर लिहून घेतलाय. आईला सोसायटीच्या कामाला जातो म्हणून सांगितलंय. बेंगळूरला ते एकदाच गेले होते, विणकरांच्या सभेला, तेही शंभर माणसांबरोबर. मी येते म्हटलं तर म्हणाले, ‘तू आईजवळ थांब. आणि हे बघ, मला बोलाय येत न्हाय. आधी रागवीन न्हाय तर रडीन, आणि पोरगं दार लावून घील. तू समदं लिव. म्या दाराखालनं सरकवतो आणि भाईर बसतो. त्यो वाचू दे निवांत.’ म्हणजे तू हे वाचतोस तेव्हा ते दाराच्या पलीकडे जिन्यात बसलेले आहेत. हाक मारणार नाहीत, कडी वाजवणार नाहीत, तसं त्यांनी ठरवलंय. परतीचं तिकीट काढू का विचारलं तर म्हणाले, त्यो येईल तवा काढू दोघांचं. गुडघा दुखतो त्यांचा, पायरीवर फार वेळ बसवत नाही. कडी काढ साई.

तुझीच,
आक्का